घर विकायचंय पण आत भाडेकरू आहेत, मुदतीआधी खाली करायला सांगता येतं का? (विश्रामबाग, सांगली)

सांगलीची_लेक
नमस्कार मंडळी. विश्रामबागला आमचा टू बीएचके फ्लॅट आहे, माझ्या एकटीच्या नावावर. मी आता पुण्यात असते, आईच्या ऑपरेशनला पैसे लागणारेत म्हणून विकायचं ठरवलंय. गिऱ्हाईक मिळालंय, मिरजेचं कुटुंब आहे, बँकेचं लोन काढून घेणारेत आणि त्यांना दिवाळीच्या आत रिकामा ताबा पाहिजे. भाडेकरू म्हणाल तर माणसं सोन्यासारखी, भाडं कधी थकवलं नाही, मुलगा यंदा दहावीला आहे. करार ११ महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स, रजिस्टर केलेला, मे अखेर संपतो. एजंट म्हणतो घर तुमचं आहे, महिन्याची नोटीस टाका आणि मोकळ्या व्हा. मला ते पटत नाहीये पण गिऱ्हाईक पण घालवायचं नाहीये. कायद्याने काय होतं आणि कुणी असं केलं असेल तर प्लीज सांगा. इसार अजून घेतलेला नाही.

गावभागकर
ताई, इसार घेतला नाही हे लई बरं केलंत. दिवाळीपर्यंत रिकामा ताबा देतो असं लिहून इसार घेतला असता तर भाडेकरू एकीकडे आणि घेणारा दुसरीकडे, मधे तुम्ही अडकला असता. आधी करार काढा आणि दोन गोष्टी बघा, लॉक-इन (म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही) किती महिन्यांचा लिहिलाय आणि नोटीसचं कलम काय आहे. बऱ्याच छापील करारात 'उभय पक्षांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन' असं असतं, पण काही करारात नोटीस द्यायचा हक्क फक्त भाडेकरूलाच ठेवलेला असतो, मालकाला नसतोच. एजंटने तुमचा करार वाचलाय का ते पण विचारा एकदा.

दस्तवाले
वकिलांच्या ऑफिसात बरीच वर्षं दस्ताचं काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. घर विकायचंय हे स्वतःहून करार मोडायला कारण होत नाही, करारात जे लिहिलंय तेच चालतं. मुदत संपल्यावर लिव्ह अँड लायसन्सवाला उठला नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्यानंतरच्या काळासाठी करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण ते मुदत संपल्यानंतर, आत्ता नाही. आणि त्या कलमात 'घरमालक' म्हणजे आधीचा मालक वारल्यावर वारसाने आलेला मालक पण धरलाय, विकत घेतलेल्याचं तिथं स्पष्ट नाव नाही. म्हणून घेणाऱ्याला आत माणसं असताना खरेदीखत नको असतं, त्यांची भीती अगदीच खोटी नाहीये.

दुसरं, वडलांच्या वेळचे जुने भाडेकरू असते तर विषय वेगळा होता. तिथं कलम १६ मधली कारणंच लागतात, मालकाला स्वतःला राहायला खरी गरज, पोटभाडेकरू ठेवला वगैरे, आणि 'मला विकायचंय' हे त्यात कुठंच नाही. घर विकलं तरी तो भाडेकरू नव्या मालकाचा भाडेकरू म्हणून तसाच राहतो. खणभागात असले वाडे लोक भाडेकरूसकट विकतात, किंमत पडते एवढंच. तुमचा करार रजिस्टर आहे ही मोठी जमेची बाजू. कलम ५५ प्रमाणे नोंदणी करायची जबाबदारी मालकाची असते, नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं.

आणि कुणी काही सांगितलं तरी पाणी-लाईट तोडायच्या भानगडीत पडू नका, कलम २९ आहे त्यासाठी.

भाड्याचंघर_मिरज
मी भाडेकरूच्या बाजूने सांगते. आमच्या आधीच्या मालकांनी घर विकलं तेव्हा आम्हाला घेणारे लोक दारात आल्यावर कळलं, आतल्या खोलीत टेप लावून मापं घेत होते आणि माझी मुलगी तिथंच अभ्यासाला बसलेली. राग घर सोडायचा नव्हता हो, सांगितलं नाही याचा होता. तुम्ही स्वतः जाऊन बसून बोला, फोनवर नको आणि एजंटला पाठवू नका. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला असते, ती होईपर्यंत कुठलेच आईबाप घर हलवायला तयार होणार नाहीत. पण त्याच शाळेच्या जवळ दुसरी खोली बघून दिली, टेंपोचा खर्च उचलला, एक महिन्याचं भाडं सोडलं तर विचार करतीलही. मुख्य म्हणजे डिपॉझिट. ते किल्ली द्यायच्या दिवशीच हातात मिळणार हे आधी सांगा, कारण पुढच्या घरमालकाला डिपॉझिट त्यातूनच द्यायचं असतं.

सांगलीची_लेक
खूप आभार सगळ्यांचे. करार बघितला, नोटीस दोघांनाही देता येते एक महिन्याची, लॉक-इन सहा महिन्यांचा आहे आणि तो डिसेंबर अखेर संपतो. म्हणजे दिवाळीआधी काही हक्काने मागताच येत नाही. गिऱ्हाईकाला मार्चपर्यंत थांबवायचा काही मार्ग आहे का? आईसाठी निम्मी तरी रक्कम आत्ता लागेल.

दस्तवाले
मार्ग आहे. आत्ता साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) रजिस्टर करा, त्यात भाडेकरू आहेत हे उघड लिहा, ताबा आणि खरेदीखत एप्रिलमध्ये असं ठरवा आणि इसाराची रक्कम जरा मोठी घ्या, ती आईला वापरता येईल. घेणाऱ्यांच्या बँकेला आधी विचारायला सांगा, कारण लोन मंजुरीची मुदत असते. साठेखतात ताबा लांबला तर काय, हे पण लिहून घ्या, नुसतं तोंडी नको.

भाडेकरू आधी निघायला तयार झाले तर परस्पर संमतीने करार संपल्याचं पत्र दोघांच्या सहीने करा, घर खाली करायची तारीख आणि डिपॉझिटची रक्कम त्यात घाला. त्या दिवशी मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून फोटोत घ्या, सोसायटीचा मेंटेनन्स भरल्याची पावती घ्या, सगळ्या किल्ल्या मोजून घ्या आणि ताबा पावतीवर सही. घेणाऱ्यांचा वकील पहिली हीच पावती मागणार.

गावभागकर
घेणारे मिरजेचेच आहेत ना, मग त्यांना पण भाडेकरूंकडे एकदा सोबत न्या. त्यांच्या घरात पण शाळेतली पोरं असतील तर मार्चपर्यंत थांबणं त्यांना समजेल. तरी नाहीच म्हणाले तर एप्रिलमध्ये विश्रामबागचा रिकामा फ्लॅट घ्यायला माणसं मिळतील, त्याची काळजी करू नका. आईंची तब्येत कशी आहे आता?