शब्दचर्चा: क्रिल हिवाळ्यात 'शीतनिद्रा' घेतो का?

शब्दवेडी
मुलांच्या विज्ञान मासिकासाठी थंड समुद्रातल्या कवचधारी प्राण्यांवर चार पानं लिहिते आहे. अंटार्क्टिकाचा क्रिल आणि उत्तर अटलांटिकमधला कॅलॅनस नावाचा इवलासा कवचधारी हे दोन मुख्य नायक. दोघंही वर्षातला मोठा काळ जवळजवळ उपाशी काढतात आणि त्या काळात त्यांचा चयापचय मंदावतो. या अवस्थेला काय म्हणायचं? संपादकांचा आग्रह 'शीतनिद्रा'साठी, कारण पाठ्यपुस्तकातला बेडूक मुलांना माहीत असतो. मला तो शब्द खटकतो, पण का ते नीट मांडता येत नाहीये. 'सुप्तावस्था' कसा वाटतो? आणि जाता जाता, 'क्रिल म्हणजे एक प्रकारचा जवळा' असं कंसात लिहिलं तर चालेल ना?

खाडीकाठ
दुसऱ्याचं आधी सांगतो. नाही चालणार! जवळा आमच्या किनाऱ्यावरचा, उबदार उथळ पाण्यातला आणि कोळंबीच्या गणातला. क्रिलचा गणच वेगळा. ओळखायची सोपी खूण म्हणजे कल्ले: कोळंबीचे आणि जवळ्याचे पाठीच्या कवचाखाली झाकलेले असतात, क्रिलचे उघडे, पायांच्या मुळाशी झालरीसारखे दिसतात. शिवाय क्रिलच्या अंगावर प्रकाश देणारे अवयव असतात. आकाराने जवळा बोटाच्या पेरापुढे जात नाही, अंटार्क्टिकचा क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि पाच-सहा वर्षं जगतो. 'जवळ्यासारखा दिसणारा' लिहा हवं तर.

प्लवंग
शब्दवेडी ताई, तुम्हाला 'शीतनिद्रा' खटकतो तो बरोबर खटकतो. त्या शब्दात दोन दावे आहेत, शीत आणि निद्रा. क्रिलच्या बाबतीत दोन्ही फसतात.

शीत: बेडूक थंडी पडली म्हणून थंडावतो. अंटार्क्टिकाभोवतीचं पाणी मात्र बारा महिने थंडच असतं. हिवाळ्यात उणे १.८ अंश, उन्हाळ्यात त्याहून थोडंसंच वर. एवढ्याशा फरकाने चयापचय इतका उतरणार नाही. बदलतो तो उजेड. प्रयोगशाळेत क्रिलला अंधारात ठेवून भरपूर खाद्य दिलं, तरी उन्हाळी उजेडातल्या भाऊबंदांपेक्षा त्याने कमी खाल्लं आणि त्याचा ऑक्सिजनचा वापरही कमी राहिला. म्हणजे समोर ताट वाढलेलं असूनही त्याचं शरीर दिवसाच्या लांबीकडे बघून काटकसर करतं.

निद्रा: क्रिल पाण्यापेक्षा जड असतो. पाय हलवायचे थांबला की खाली जाऊ लागतो. म्हणून हिवाळाभर तो पोहतच असतो. याला झोप कोण म्हणेल?

आणि खरी गंमत पुढे आहे. उपासमार झाली की क्रिल कात टाकून आधीपेक्षा लहान होतो. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही क्रिल अन्नाशिवाय २११ दिवस जगले. या काळात त्यांनी कात टाकणं थांबवलं नाही, फक्त दर वेळी नवं कवच जुन्याहून आखूड. शरीरातली प्रथिनं जाळून भागवायचं आणि उरलेल्या अंगाच्या मापाचं कवच शिवायचं. डोळे मात्र त्या प्रमाणात आटत नाहीत. त्यामुळे अंगाच्या मानाने डोळे मोठे दिसले की हा क्रिल उपाशी राहून आखडलेला आहे असा अंदाज करता येतो. लांबी मोजून वय सांगण्याची पद्धतही म्हणूनच इथे लंगडी पडते. आपल्याकडे 'शहराने कात टाकली' म्हणजे ते वाढलं, उजळलं. क्रिलला हे सांगून बघा.

एक पुरवणी: हे सगळं प्रौढांचं. क्रिलच्या पिल्लांना एवढा लांब उपास झेपत नाही, ती बर्फाच्या खालच्या अंगाला वाढलेलं शेवाळ खरवडून खातात.

उत्तरध्रुव
नॉर्वेत राहतो म्हणून कॅलॅनसबद्दल चार शब्द. इथे त्याला 'राउओते' म्हणतात. त्याचं शास्त्रीय वर्णन १७७० मध्ये त्रोंडहाइमचे बिशप गुनेरुस यांनी केलं. लांबी दोन ते चार मिलिमीटर. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर अंग काचेसारखं आरपार आणि आत लांबट तेलाची पिशवी, बऱ्याचदा अर्धं शरीर तिनेच भरलेलं. हे साधं तेल नसतं, बरंचसं मेणवर्गीय असतं.

याचं वेळापत्रक ऐका. वसंतात वरच्या थरात शेवाळ फुलतं तेव्हा खाऊन घ्यायचं, प्रौढ होण्याच्या एक पायरी अलीकडे थांबायचं आणि पाचशे मीटरपासून हजाराच्याही खाली उतरून निपचित पडायचं. बरेचसे उतरतात ते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात! वर अजून ऊन असतं, खाद्यही अगदी संपलेलं नसतं. आपल्या विठोबासारखा आषाढीला झोपतो, फक्त कार्तिकीला उठत नाही, शिमग्यापर्यंत ताणतो. तेव्हा 'हिवाळी' हे विशेषणसुद्धा जपून वापरा.

कपाशीवाला
मी विदर्भातला, समुद्राशी संबंध सुट्टीपुरता. पण 'सुप्तावस्था' आमच्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. गुलाबी बोंडअळी हंगामाच्या शेवटी सुप्तावस्थेत जाते, म्हणून फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून घेतलेला जादा कापूस) घेऊ नका, पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळकी झाडं वेळेत काढा असं कृषी खातं दरवर्षी कानीकपाळी ओरडतं. अळी सरकीत गप्प पडून राहते, खात नाही, वाढत नाही. उत्तरध्रुव दादांचा कॅलॅनस मला तसाच वाटला.

प्लवंग
कपाशीवाले, नेमकं बोललात. दोन्हीकडे प्रकार एकच आहे. संकट यायच्या आधीच शरीर ठरवून थांबतं आणि वाढीची एक विशिष्ट पायरी धरून बसतं. तेव्हा कॅलॅनससाठी 'सुप्तावस्था' बिनधास्त वापरा, शेतीच्या मराठीत रुळलेला शब्द आहे. क्रिलसाठी मात्र मी नाम शोधत बसणार नाही. 'हिवाळ्यात क्रिलचा चयापचय मंदावतो' हे सरळ क्रियापद पुरे. प्रत्येक गोष्टीला संज्ञा हवीच हा हट्ट पाठ्यपुस्तकांचा.

खाडीकाठ
एक शंका. तुमच्या त्या अंटार्क्टिकात कुर्ल्या असतात का हो? का सगळा क्रिलच?

प्लवंग
खाडीकाठ काका, उथळ भागात जवळजवळ नाहीत आणि त्यामागचं कारण भन्नाट आहे. कवचधाऱ्यांचं रक्त समुद्राइतकंच खारट असतं, त्यामुळे भोवतालचं पाणी गोठल्याशिवाय ते गोठत नाही. तिथल्या माशांचं रक्त कमी खारट, म्हणून त्यांना गोठणरोधक प्रथिनं बनवावी लागतात. मग खेकड्याचं घोडं कुठे अडतं? मॅग्नेशियमवर. समुद्राच्या पाण्यात ते मुबलक असतं आणि खेकड्यांना ते रक्तातून नीट उपसून टाकता येत नाही. मॅग्नेशियम स्नायूंना गुंगी आणतं. उबदार पाण्यात ते खपून जातं, पण शून्याच्या आसपास आधीच मंद झालेल्या जनावरावर त्याचा असर वाढतो. हृदय संथ, हालचाल संथ, कल्ल्यांवरून पाणी खेळवणं संथ. प्रयोगात खेकड्यांच्या रक्तातलं मॅग्नेशियम कमी केलं तेव्हा ते थंडीत अधिक चपळ झाले. ज्यांना ते कमी राखता येतं ते समपाद आणि उभयपाद (आयसोपॉड आणि अँफिपॉड, कवचधाऱ्यांचेच दुसरे दोन गट) तिथे सुखाने नांदतात. हेच एकमेव कारण असं कुणी म्हणत नाही, पण मला तरी हे स्पष्टीकरण पटतं.

शब्दवेडी
सगळ्यांचे आभार. मसुदा असा केला आहे: 'हिवाळ्यात क्रिलचा चयापचय मंदावतो, पण तो झोपत नाही. कॅलॅनस मात्र उन्हाळ्यातच खोल पाण्यात उतरतो आणि पुढचा वसंत येईपर्यंत सुप्तावस्थेत राहतो.' जवळ्याचा कंस काढला.

उत्तरध्रुव
छान. 'पुढचा वसंत येईपर्यंत'ऐवजी 'हिवाळा सरत येईपर्यंत' करा. वसंताचं शेवाळ फुलायच्या सुमारास त्याला वर पोहोचलेलं असावं लागतं, त्यामुळे तो आधीच निघतो.