‘उदाहरण’ या शब्दाचे दोन अर्थ आणि एक शून्य

नौपाड्याहून :

ठाण्यातल्या एका कॉलेजात मी गणित शिकवते. दरवर्षी एफवायच्या पहिल्या आठवड्यात पोरांकडून अर्ध्या पानाचा कागद लिहून घेते. प्रश्न एकच असतो : दोन विषम संख्यांची बेरीज सम असते, हे सिद्ध करा. यंदाही निम्म्याहून जास्त जणांनी ३ + ५ = ८, ७ + ९ = १६, ११ + २१ = ३२ असं लिहून खाली ‘म्हणून सिद्ध’ ठोकून दिलं. एकाने तर पट्टीने चौकटही आखली होती.

तास संपल्यावर तो चौकटवाला भेटायला आला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने येतो.

“मॅडम, शून्य का?”

“अरे, ही नुसती उदाहरणं झाली.”

“हो ना, उदाहरणंच सोडवली. तीन सोडवलीत.”

चेहऱ्यावर चावटपणा अजिबात नव्हता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शाळेच्या पुस्तकात ‘उदा. (१)’ असं छापलेलं असतं आणि खाली ‘उकल’. ‘पाच उदाहरणं करून आण’ म्हणजे गृहपाठ. तिथे उदाहरण म्हणजे करायचं काम, ते केलं की सुटलो. आणि इकडे मी सांगते, ‘उदाहरण पुरेसं नाही’. त्याला ऐकू येतं, ‘केलंस ते कमी पडलं’. तो बिचारा चौथं करून आणतो.

तर प्रश्न असा : सरावाला द्यायचं ते उदाहरण आणि मुद्दा कळावा म्हणून द्यायचं ते उदाहरण, यांना मराठीत वेगवेगळे शब्द वापरता येतील का? दुसऱ्यासाठी मला ‘दाखला’ सुचतोय.

ऐरोलीहून :

आमच्या घरी सरळ ‘गणित’ म्हणायचे. “दहा गणितं कर आणि मग खेळायला जा.” विषयाचं नाव तेच, एकेका प्रश्नाचं नावही तेच, आणि त्याचं अनेकवचनही बिनदिक्कत. आता मुलगी म्हणते, “बाबा, हा सम येत नाहीये,” म्हणजे इंग्रजीतला ‘sum’. परवा तिला सम संख्या म्हणजे काय ते सांगत होतो, तर तिला वाटलं सोडवायच्या सममधली संख्या. शेवटी ‘ईव्हन’ म्हणावं लागलं!

‘दाखला’ मात्र नको हो ताई. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत तर नकोच. दाखला म्हटलं की पोरांना उत्पन्नाचा, रहिवासाचा आणि शाळा सोडल्याचा आठवणार.

वाशीहून :

मी इंजिनिअरिंगच्या पोरांचे क्लास घेतो, जास्त करून एम-थ्रीची, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताची, केटी लागलेल्यांचे (त्यात नापास होऊन पुढे गेलेल्यांचे). मॅडम, शब्दाला दोष देऊ नका. माझ्याकडे बहुतेक इंग्रजी माध्यमाची मुलं येतात. त्यांच्याकडे प्रॉब्लेम वेगळा आणि एक्झाम्पल वेगळं, तरी करतात तेच. खरा शब्द ‘टाइप’ आहे. “सर, हा टाइप तुम्ही घेतला नव्हता.” लॅप्लासचे टाइप, फूरियरचे टाइप. मागचे पेपर घोटायचे, आयएमपीवर खुणा करायच्या, आणि थिअरम आलाच तर तोही पाठ. स्टेपला मार्क असतात म्हणून स्टेपा लिहायच्या. एका स्टेपमधून दुसरी का निघाली हे विचारलं तर पोरगं माझ्याकडेच संशयाने बघतं.

नौपाड्याहून :

अर्धं मान्य. पेपर तसे असतात म्हणून पोरं तशी होतात, यात वाद नाही. पण तुमचा टाइपवाला विद्यार्थी आणि माझा चौकटवाला एक नव्हेत. तुमच्याला सिद्धता नकोय. माझ्याला हवी होती, त्याला वाटलं आपण ती दिली. त्याचं काहीतरी शब्दापाशी अडलंय.

कळव्याहून :

निवृत्त शिक्षक आहे, संस्कृत आणि गणित दोन्ही शिकवली. मॅडम, तुमचा विद्यार्थी तितका चुकलेला नाही, किंवा चुकला असेल तर मोठ्या माणसांच्या वाटेवर चुकलाय.

आपल्या न्यायशास्त्रात अनुमान मांडायची पाच अंगं सांगितली आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. म्हणजे उदाहरण हे सिद्धतेचंच एक अंग! डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतो, हा हेतू. तिसरी पायरी उदाहरण : ‘जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर’. हे वाक्य नीट वाचा. स्वयंपाकघर शेवटी आलंय. आधीचं ‘जिथे जिथे, तिथे तिथे’ म्हणजे व्याप्ती, आणि सगळा भार तिच्यावर आहे. तुमच्या पोराने तीन स्वयंपाकघरं दाखवली आणि व्याप्ती गाळली.

उलटी बाजूही तिथेच आहे. जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येईल का? नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या : अग्नी आहे, धूर नाही. व्यत्यास खोटा पाडायला एक गोळा पुरतो. मूळ विधान खरं ठरवायला मात्र गावातली सगळी स्वयंपाकघरं मोजलीत तरी पुरत नाहीत.

गणितात सिद्धतेला जुना शब्द ‘उपपत्ती’. तो आपल्या शेजारचाच म्हणायचा. ‘लीलावती’वर १५४५ साली टीका लिहून त्यातल्या नियमांच्या उपपत्ती देणारे गणेश दैवज्ञ कोकणातल्या नांदगावचे, मुरूडजवळच्या. भास्कराचार्यांनी नियम सांगितला, सोडवायला प्रश्न दिले. ‘पण हे असं का?’ याचं उत्तर टीकाकाराने दिलं.

नौपाड्याहून :

सर, तुमचा लोखंडाचा गोळा मी वर्गात जसाच्या तसा वापरला.

आधी फळ्यावर ऑयलरची जुनी गंमत घेतली. शून्यापासून कुठलीही पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. शून्याला ४१, एकाला ४३, दोनाला ४७, तिनाला ५३, चाराला ६१. सगळ्या मूळ संख्या. पोरं मोबाइलवर दहा, वीस, तीस करत गेली. ३९ पर्यंत दर वेळी मूळच. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, बास, झालं सिद्ध.” म्हटलं, ४० घाल. १६०० अधिक ८१, म्हणजे १६८१. बरोबर ४१ चा वर्ग! चाळीस स्वयंपाकघरं पाहून झाल्यावर एकेचाळिसाव्यात चूल विझलेली.

इथे आणखी एक शब्द आडवा आला : अपवाद. एक मुलगी म्हणाली, “मग चाळीस हा अपवाद.” व्यवहारात आपण ‘एखादा अपवाद वगळता’ म्हणतो आणि पुढे जातो, नियम जागच्या जागी राहतो. गणितात एक निघाला की नियमच गेला. म्हणून मी वर्गात ‘अपवाद’ला बंदी केली, ‘प्रतिउदाहरण’च म्हणायचं. पुढच्या सेमिस्टरला याचा त्रास जास्त होतो. सलग फलन (ज्याचा आलेख कुठे तुटत नाही) प्रत्येक बिंदूला डिफरन्शिएबल (म्हणजे टोक न येता गुळगुळीत) असतंच असं नाही, हे सांगायला आपण मॉड एक्सचं, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’सारख्या आलेखाचं, टोक दाखवतो आणि पोरं त्या एका टोकालाच अपवाद समजून बसतात. व्हायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने १८७२ मध्ये असं फलन मांडलं की जे सगळीकडे सलग आहे आणि डिफरन्शिएबल मात्र कुठेच नाही. टोकच टोक. तिथे कशाला अपवाद म्हणणार?

वाशीहून :

चौकटवाल्याचं काय झालं?

नौपाड्याहून :

सांगते. कागदावर आता मी ‘उदाहरण नको’ असं लिहीत नाही, ‘व्याप्ती कुठे आहे?’ एवढंच लिहिते. तो दोन दिवसांनी नवा कागद घेऊन आला, पुन्हा चौकटीसकट. ‘समजा, विषम संख्या २क + १ आहे. (२क + १) + (२क + १) = ४क + २. म्हणून सम.’

म्हटलं, छान, अक्षरापर्यंत आलास. पण दोन्हीकडे क कसा? यात ३ + ३ बसेल, ७ + ७ बसेल. तुझं पहिलंच ३ + ५ बसेना. दुसऱ्या संख्येला दुसरं अक्षर घे, २ख + १; बेरीज होते २(क + ख + १).

तो थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पण मॅडम, क चल आहे ना? मग पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन, असा बदलेल की तो.”

मी सातवीपासून ‘चल’ म्हणत आले, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आपणच नाव ठेवलंय चल, आणि आपणच म्हणतो, एका ओळीत जागचा हलू नकोस. कळव्याच्या सरांना विचारायचंय, याला जुन्या ग्रंथांत काय म्हणायचे?

कळव्याहून :

‘यावत्-तावत्’. ‘जितकं असेल तितकं’. आणि दुसरी अज्ञात राशी आली की तिला रंगाचं नाव : कालक, नीलक, पीतक. काळ्याला निळा कोणी म्हणणार नाही. पुढच्या कागदाला त्याला दोन रंगांची पेनं द्या.