मदत हवी आहे: सोन्याचे नॅनोकण लाल का, आणि मीठ टाकलं की निळे का?

नमस्कार मंडळी,
टीवायबीएस्सी केमिस्ट्रीला आहे. प्रोजेक्टसाठी आम्ही सायट्रेट पद्धतीने सोन्याचे नॅनोकण केलेत. क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं द्रावण उकळायचं आणि ढवळत ढवळत ट्रायसोडियम सायट्रेट ओतायचं. आधी पिवळेपणा जातो, मग द्रावण करडं-निळसर होतं आणि बघता बघता लालभडक! इथपर्यंत मस्त.

आता अडचण. व्हायवाला सर विचारणार, 'सोनाराच्या कानशीचा कीस बारीक असूनही पिवळाच असतो, मग तुमचं सोनं लाल का?' नोट्समध्ये 'पृष्ठफळ वाढतं' लिहिलंय, नेटवर सगळीकडे 'क्वांटम इफेक्ट'. पृष्ठफळ वाढलं म्हणून रंग कसा बदलेल? शिवाय मिठाचं पाणी टाकलं की द्रावण लगेच निळं होतं. आणि एक बाटली तर मीठ न टाकताच रात्रीत जांभळी पडली, तळाला काळा गाळ. सोन्याचं क्षार किती महाग असतं ते तुम्हाला माहीतच आहे. जाणकारांनी प्लीज सांगा.

खटपट्या:
सरांचा प्रश्न भारी आहे. कानशीचा कीस कितीही बारीक असला तरी एकेक कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठा. तुमचे कण साधारण १५-२० नॅनोमीटरचे असणार (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). दृश्य प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटर. खरा फरक इथे आहे.

नोट्समध्ये दोन-तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय, ती सोडवू.

पृष्ठफळाचं म्हणणं खोटं नाही, पण ते रंगाचं उत्तर नाही. १ सेंमी बाजूचा घन घ्या, पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. त्याचे १ नॅनोमीटरचे घन केले तर तेवढ्याच सोन्याचं पृष्ठफळ होतं ६,००० चौ. मीटर. १० नॅनोमीटरच्या कणात साधारण पाचवा हिस्सा अणू पृष्ठभागावर असतात, ३ नॅनोमीटरच्या कणात जवळजवळ निम्मे. या अणूंना शेजारी कमी, म्हणून ते सैल बांधलेले आणि चटकन रासायनिक क्रिया करणारे. एरवी सोनं १,०६४ अंश सेल्सियसला वितळतं, पण २-३ नॅनोमीटरचे कण त्याच्या कित्येक शे अंश खालीच वितळतात. आणि ज्या सोन्याला आपण निष्क्रिय म्हणतो, त्याचेच बारीक कण ऑक्साइडवर बसवले तर शून्य अंशाच्याही खाली कार्बन मोनॉक्साइडचं ज्वलन घडवतात. १९८७ मध्ये जपानच्या हारुता यांनी हे दाखवलं, तोवर उत्प्रेरक म्हणून सोन्याला फारसं कुणी विचारत नव्हतं.

रंगाचं कारण वेगळं. धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राबरोबर मागेपुढे हलतात. कण इतका लहान की सगळे एकदमच हलतात आणि एका ठरावीक वारंवारतेला हे हलणं जोरात होतं. तुमच्या कणांसाठी ती जागा ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्यात. हिरवा शोषला गेला की डोळ्याला लाल दिसतं. याला प्लाझ्मॉन अनुनाद म्हणतात. गुस्ताव मी (Mie) या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये हा रंग मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांवरून काढून दाखवला, तेव्हा क्वांटम यांत्रिकी जन्मायची होती. त्यामुळे व्हायवाला 'क्वांटम इफेक्ट' म्हणून मोकळे होऊ नका, सर तिथेच पकडतील.

क्वांटमची गंमत बघायची तर कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचे नॅनोकण. पदार्थ तोच, पण २ नॅनोमीटरचा कण निळसर चमकतो आणि ६ चा लाल, कारण इलेक्ट्रॉनला वावरायला जागाच कमी. २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल याच कामाला. सोन्यातही २ नॅनोमीटरच्या खाली गेलात की प्लाझ्मॉनचा लाल रंग नाहीसा होतो आणि मग खरा क्वांटमचा कारभार सुरू.

गावकरी:
६,००० चौ. मीटर म्हणजे दीड एकर की हो! साखरेच्या खड्याएवढ्या सोन्यात दीड एकर. सातबाऱ्यावर चढवता येईल का? (अवांतराबद्दल माफी.)

प्रयोगशाळावाली:
मिठाचं मी सांगते. कणांवर सायट्रेटचा थर असतो, त्यामुळे सगळ्यांवर ऋण प्रभार आणि ते एकमेकांना लांब ठेवतात. मिठातले सोडियम आयन हा प्रभार झाकतात. कण एकमेकांना चिकटले की शोषण ६००-७०० नॅनोमीटरकडे, म्हणजे नारिंगी-लालकडे सरकतं, म्हणून निळं. खात्री करायची तर दुसऱ्या परीक्षानळीत साखरेचं पाणी टाका. साखरेचे आयन होत नाहीत, लाल रंग तसाच राहील. दोन नळ्या शेजारी ठेवून दाखवा, व्हायवा तिथेच अर्धी संपेल.

जांभळ्या बाटलीबद्दल एकच विचारते, ती शेवटी कशाने विसळली होती? बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम तर मिठापेक्षाही लवकर घात करतं. काचसामान आम्लराजाने (अ‍ॅक्वा रेजिया, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचं मिश्रण) धुवा (ताजं बनवून, फ्यूम हूडमध्ये, लॅब असिस्टंटसमोरच), मग डिस्टिल्ड पाण्याने भरपूर विसळा. द्रावण फ्रिजमध्ये चालेल, फ्रीझरमध्ये नको, गोठलं की गेलं. जांभळी झालेली बाटली आता लाल होणार नाही, त्यावर वेळ घालवू नका.

धागाकर्ता:
खूप खूप आभार! बाटली नळाखालीच विसळली होती, आणि आमच्या होस्टेलला बोअरच आहे. अजून एक शंका. कोविडच्या अँटिजेन किटवरची लाल रेघ सोन्याचीच ना? मग किटच्या द्रवात मीठ असूनही ती निळी का होत नाही?

खटपट्या:
बहुतेक किटमध्ये सोन्याचीच. तिथे कणांवर अँटिबॉडीचा, म्हणजे प्रथिनाचा, थर असतो. तो कणांना जवळ येऊच देत नाही, मग मिठाने प्रभार झाकला तरी बिघडत नाही. तुम्हीही करून बघा, लाल द्रावणात आधी थोडं जिलेटिनचं पाणी आणि मग मीठ. किती जिलेटिनने रंग टिकतो यावरून झिग्मोंडी यांनी १९०१ मध्ये 'गोल्ड नंबर' काढला होता. प्रोजेक्टला एक तक्ता सहज मिळेल.