बस काढायची, पण बसायचं कुठं? गहुंजे स्टेडियमवरून सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार मंडळी. पुण्याला पुढची मॅच मिळाली की सोसायटीतर्फे बस काढायची असं मिटिंगमध्ये ठरलंय. रावेतहून गहुंजे म्हणजे आपल्या शेजारीच. पण तिकीट कुठल्या स्टँडचं काढायचं यावर एकमत होत नाहीये आणि एकदा विक्री सुरू झाली की विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून आत्ताच बोलून घेऊ. ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुलं दोन्ही आहेत हे धरून सांगा.

डी-२०४: ईस्ट किंवा वेस्ट काढू ना सरळ. स्वस्त पण पडतं आणि खरा दंगा तिथेच असतो. मधे कुठे खांब नाही, सगळीकडून दिसतं.

ए-५०५ काकू: दिसतं रे बाळा, पण ऊन? ह्यांना बीपीचा त्रास आहे, दुपारी दीडला सुरू होणारी मॅच असली तर डोक्यावर काही नको का

सी-४०२ काका: काकूंचा मुद्दा बरोबर आहे. गहुंज्याला छप्पर उत्तर आणि दक्षिण टोकाला, बाकी जनता उघड्यावर. एवढं देखणं स्टेडियम, ३७ हजार माणसं बसतात, आणि सगळ्यात जास्त लोक जिथे बसतात तिथेच सावली नाही, हे मला पहिल्यापासून खटकत आलंय.

बी-३०१: अहमदाबादचं बघा मग, १ लाख ३२ हजार. आपण ३७ हजारावर खूश.

बी-७०३ ताई: मी जरा सविस्तर लिहिते, स्टेडियम डिझाइन करणं हे माझं कामच आहे म्हणून. कपॅसिटीचा आकडा बाजूला ठेवा. आपल्याला एकाच खुर्चीवर बसायचंय, त्या खुर्चीवरून काय दिसतं, ऊन किती लागतं, पाणी आणि टॉयलेट किती लांब आणि मॅच सुटल्यावर घरी कधी पोचतो, स्टेडियम चांगलं की वाईट ते यावर ठरतं. गहुंज्याचं डिझाइन हॉपकिन्स आर्किटेक्ट्सचं आहे, लंडनचे, लॉर्ड्सवरचा तो तंबूसारख्या छताचा माउंड स्टँड त्यांनीच केलाय १९८७ ला, आणि साउथॅम्प्टनचं रोझ बोल पण त्यांचंच. क्रिकेट बघणाऱ्या माणसाचा विचार करणारी ही मंडळी आहेत आणि ते गहुंज्याला आत शिरल्या शिरल्या जाणवतं. बाहेरून ते फार अंगावर येत नाही, आत आलात की एकदम हिरवं मैदान समोर उघडतं आणि स्टँडच्या पलीकडे घोराडेश्वरच्या बाजूचे डोंगर दिसतात. मुंबईच्या ग्राउंडवर हे नाही मिळत.

बी-७०३ ताई: आता "सगळीकडून दिसतं" म्हणजे काय ते. आम्ही डिझाइन करताना मागच्या माणसाच्या डोळ्यापासून बाउंड्रीच्या दोरापर्यंत रेघ काढतो आणि ती रेघ पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून जाते ते मोजतो. याला सी-व्हॅल्यू म्हणतात. १२० मिलीमीटर असेल तर पुढच्याच्या डोक्यावरून आरामात दिसतं, ९० ला जरा मान वर करावी लागते, ६० असेल तर दोन डोक्यांच्या मधून बघायचं. म्हणून मागच्या रांगा जास्त जास्त उंच होत जातात, सगळीकडे सारखा चढ ठेवला तर मागच्यांचं नुकसान होतं. आणि हा हिशोब लोक बसलेत असं धरून असतो बरं का. पुढचा उभा राहिला की सगळं गणित संपलं.

डी-२०४: म्हणजे सिक्स गेल्यावर पण बसून राहायचं?

बी-७०३ ताई: सिक्सला उभे रहा, पण पुढचा बॉल पडायच्या आत बसा. मागे कोणाची तरी आजी बसलेली असते, तिला उठता येत नाही पटकन.

ए-२०३ वहिनी: ताई मग उन्हाचं सांगा ना, आमची दोन्ही पोरं लहान आहेत

बी-७०३ ताई: हां तेच लिहीत होते. क्रिकेटची पिच साधारण उत्तर-दक्षिण ठेवतात, म्हणजे संध्याकाळचं तिरकं ऊन बॅट्समनच्या किंवा बॉलरच्या डोळ्यात जाऊ नये. खेळाडूंची सोय झाली पण मग ते ऊन कोणाच्या तरी डोळ्यात जाणारच. ईस्ट स्टँडमधला माणूस पश्चिमेकडे तोंड करून बसतो, त्यामुळे दुपारची वनडे असेल तर तीनपासून सूर्य मावळेपर्यंत समोरून ऊन. वेस्ट स्टँडवाल्यांचं उलट, दुपारनंतर ऊन पाठीवर, मान भाजते पण डोळे शाबूत. टेस्ट असेल तर सकाळी साडेनऊला वेस्टवाल्यांच्या डोळ्यात ऊन, जेवणानंतर ईस्टवाल्यांच्या. साउथला बसणारा उत्तरेकडे बघतो आणि आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेकडूनच जातो, म्हणजे दिवसभर ऊन पाठीमागे, शिवाय वर छप्पर. नॉर्थला छप्पर आहे पण हिवाळ्यात सूर्य समोरच्या बाजूला, पुढच्या रांगांत बसलात तर छपराखालून ऊन येऊ शकतं, तिथे मागच्या रांगा बघायच्या.

सी-४०२ काका: एवढं स्वच्छ मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. आणि क्रिकेट कळणाऱ्याने बॉलरच्या मागेच बसावं, साउथ किंवा नॉर्थ. स्विंग, स्पिन, लाइन सगळं तिथूनच कळतं. बाजूने बसलात तर बॉल वळला की नाही हे तुम्हाला मोठ्या स्क्रीनवर बघून समजणार. २०१७ ला ऑस्ट्रेलियाच्या त्या ओकीफने इथेच १२ विकेट काढल्या आपल्या, टेस्ट तीन दिवसात संपली, तेव्हा आमचा पूर्ण ग्रुप बाजूच्या स्टँडला होता आणि आमचे लोक बाद कसे होतायत हेच कळत नव्हतं.

बी-५०४: काका रनआऊट आणि फील्डिंग मात्र बाजूनेच भारी दिसते

सी-४०२ काका: मान्य. कोहलीने २०१९ ला आफ्रिकेविरुद्ध २५४ नाबाद केले तेव्हा त्याची ती पळापळ, एकाचे दोन करणं, बाजूनेच बघायची गोष्ट होती.

बी-३०१: माझा मोटेऱ्याचा, म्हणजे अहमदाबादच्या त्याच स्टेडियमचा अनुभव सांगतो. मोठेपणाला तोड नाही, आत गेल्यावर आवाजच वेगळा, पोटात घुमतो. खांब एक पण नाही, आणि फ्लडलाइटचे ते चार-सहा टॉवर पण नाहीत, छपराच्या कडेला गोल एलईडी दिवे लावलेत त्यामुळे रात्री खेळाडूंच्या सावल्या अशा चार दिशांना पडत नाहीत. पण वरच्या टियरला, म्हणजे वरच्या मजल्यावर बसलो तर बॉल दिसतच नाही नीट, माणसं दिसतात, बॉल कुठे गेला ते फील्डर पळतो त्यावरून ओळखायचं. बऱ्याच वेळा मी स्क्रीनच बघत होतो.

बी-७०३ ताई: तेच होतं. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर, क्रिकेटचं त्याहून कितीतरी मोठं आणि खरा खेळ मधल्या २० मीटरच्या पट्टीवर. बाउंड्रीच पिचपासून ६०-७० मीटर, त्याच्या मागे तुमची पहिली रांग, मग लाख माणसं बसवायची तर शेवटची खुर्ची कुठे जाणार. म्हणून मला ३७ हजार हा कमीपणा वाटत नाही अजिबात. वानखेडेचं २०११ च्या वर्ल्डकपआधी नूतनीकरण केलं तेव्हा कपॅसिटी उलट कमी झाली, ३३ हजाराच्या आसपास आली, पण बसणाऱ्याला प्रशस्त खुर्ची मिळाली आणि वर ते पांढरं कापडी छप्पर आलं.

ए-५०५ काकू: आमची मुलगी नोव्हेंबर २०२५ ला नेरुळला डी. वाय. पाटीलला गेली होती, आपल्या मुलींची वर्ल्डकप फायनल. पावसाने मॅच दोन तास उशिरा सुरू झाली पण वर छप्पर होतं म्हणून मैत्रिणींचा अख्खा घोळका कोरडा बसून होता, गाणी म्हणत होत्या, एक पण उठून गेली नाही म्हणाली. मध्यरात्र झाली संपायला, हरमनने शेवटचा कॅच घेतला तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने हिला मिठी मारली. तेच उघड्यावर असत्या तर निम्म्या घरी परतल्या असत्या, लहान मुली तर नक्कीच.

बी-७०३ ताई: काकू हे फार महत्त्वाचं सांगितलंत. छप्पर असलं की लोक थांबतात. आणि आवाजही टिकतो, छपराला आपटून खाली येतो, उघड्या स्टँडमधला आवाज वर निघून जातो. म्हणजे डी-२०४ म्हणतो त्या दंग्यालाही छपराचा फायदाच आहे. डी. वाय. पाटीलचं छप्पर मागच्या बाजूने धरलेलं आहे, पुढे आधार नाही, त्यामुळे खांबही आडवा येत नाही आणि सावलीही मिळते. गहुंज्याच्या ईस्ट-वेस्टला असं काही व्हायला हवं, हे मी मनापासून म्हणते. पुण्याच्या ऑक्टोबरच्या उन्हात आठ तास बसवणं हे प्रेक्षकाला गृहीत धरणं आहे.

ए-२०३ वहिनी: पाण्याचं काय? बाटली आत नेऊ देत नाहीत ना

बी-५०४: २०२४ ला न्यूझीलंड टेस्टच्या पहिल्या दिवशी स्टँडमध्ये प्यायचं पाणी संपलं होतं, लोकांनी घोषणा दिल्या, पेपरला आलं होतं सगळं. असोसिएशनने माफी मागितली नंतर. सँटनरने १३ विकेट काढल्या ती टेस्ट.

सी-४०२ काका: उघडा स्टँड आणि पाणी नाही, हे दोन्ही एकत्र आलं की माणूस क्रिकेट विसरतो. हेच म्हणतोय मी. सावली, पाणी, टॉयलेट आणि रस्ता ही चार कामं झाली की बाकी देखणेपणावर बोलू. देखणं तर आहेच ते.

डी-४०१ ताई: लेडीज टॉयलेटबद्दल कोणीच बोलत नाहीये. मी एका मोठ्या ग्राउंडवर गेले होते, नाव नाही घेत, ब्रेकमध्ये लाइन इतकी की परत आले तोवर तीन ओव्हर झाल्या होत्या. पुरुषांच्या आणि बायकांच्या जागा सारख्याच ठेवल्या होत्या. मॅचला आता घरचे सगळे येतात, मुली येतात ग्रुपने, तो हिशोब बदलायला हवा.

बी-७०३ ताई: शंभर टक्के. बायकांना वेळ जास्त लागतो हे उघड आहे, त्यामुळे सारख्या जागा दिल्या म्हणजे सारखी सोय होत नाही. आपण ओव्हर चालू असतानाच उठायचं, ब्रेकची वाट बघायची नाही, हा सध्याचा उपाय.

सी-४०२ काका: आणि येण्याजाण्याचं. मी पुण्यातल्या जुन्या नेहरू स्टेडियमला १९९६ च्या वर्ल्डकपमध्ये केनियाने वेस्ट इंडीजला हरवलं ती मॅच बघितलीये, लारा असून ९३ ला ऑलआऊट. मॅच संपली आणि स्वारगेटवरून बोलत बोलत चालत घरी. खुर्च्या अशा नव्हत्याच, पण स्टेडियम गावात होतं, मॅच झाली की अख्ख्या गावात चर्चा पसरायची. गहुंजे २०१२ ला सुरू झालं, एक्सप्रेसवेच्या कडेला, ग्राउंड सर्वच बाबतीत सरस, पण हजारो गाड्या त्या अरुंद रस्त्यांवर एकदम बाहेर पडतात. लोक शेवटच्या पाच ओव्हर सोडून पळतात याचं मला वाईट वाटतं, तिकिटाचे पैसे त्याच पाच ओव्हरसाठी दिलेले असतात.

बी-७०३ ताई: काका, इंग्लंडच्या नियमावलीत स्टँड रिकामा व्हायला जास्तीत जास्त आठ मिनिटं धरतात, म्हणजे खुर्चीतून उठून मोकळ्या जागेत यायला. ते डिझाइनमध्ये बसवता येतं, जिने आणि दरवाजे त्या हिशोबाने काढतात. पण गेटच्या बाहेर दोन-तीन किलोमीटर चालून पार्किंग आणि मग दीड तास ट्रॅफिक, ते आर्किटेक्टच्या कागदावर येत नाही. वानखेडेला चर्चगेट स्टेशन लागून आहे, नेरुळला लोकल आहे, मोटेऱ्याला मेट्रो स्टेशन आहे. गहुंज्याला जवळ म्हणजे बेगडेवाडी नाहीतर देहूरोड, लोणावळा लोकलवर, आणि तिथूनही पुढे रिक्षा बघायची. मेट्रोचं निगडीपर्यंतचं काम चालू आहे, त्यानंतर निगडीहून मॅचच्या दिवशी पीएमपीच्या बस सोडल्या तर खूप फरक पडेल.

बी-३०१: म्हणून आपली बस हीच बेस्ट. पार्किंगचं टेन्शन नाही.

ए-५०५ काकू: पायऱ्या किती चढायच्या तेवढं सांगा, ह्यांचे गुडघे

बी-७०३ ताई: काकू, तिकीट काढताना खालच्या टियरमधल्या मधल्या रांगा बघू. अगदी पुढे बसलात तर मैदान सपाट दिसतं, बाउंड्रीवरचे फील्डर आणि जाहिरातीचे बोर्ड आडवे येतात. अगदी वर गेलात तर चढ. दहावी-पंधरावी रांग आणि जिन्याकडेची खुर्ची तुमच्या ह्यांना, म्हणजे उठताबसता कोणाच्या पायावरून जायला नको. उतरताना जास्त सांभाळायचं, गर्दी मागून ढकलते. आपण सगळे पाच मिनिटं बसून राहू आणि मग निघू.

डी-२०४: ताई पटलं, पण साउथ महाग असतं. आम्ही कॉलेजची पोरं एवढे नाही देऊ शकत

सेक्रेटरी (ए-१०१): ठीक आहे, मग असं करू. दिवसाची मॅच असेल तर ज्येष्ठ आणि लहान मुलं असलेली घरं साउथ, नाही मिळालं तर नॉर्थच्या मागच्या रांगा. तरुण मंडळींना वेस्ट, ईस्ट नको. सात वाजताची टी-ट्वेंटी असेल तर उन्हाचा प्रश्नच नाही, सगळे एकत्र वेस्टला बसू, पैसेही वाचतील. बस एकच, निघायची वेळ मॅचच्या तीन तास आधी. कोणाला हरकत?

सी-४०२ काका: हरकत नाही. फक्त शेवटचा बॉल पडेपर्यंत कोणी उठायचं नाही, बस कुठे पळून जात नाही.

ए-२०३ वहिनी: आमचे चार, साउथ. मुलांना टोप्या घेऊन ठेवते.

डी-२०४: वेस्टला आम्ही सहा जण. ढोल आत नेऊ देतात का कोणाला माहितीये?

बी-५०४: ते आधी विचारून घेऊ, गेटवर काढून ठेवायला लावलं तर ढोल सांभाळायला एक जण बाहेर थांबवावा लागेल. माझे तीन, वेस्ट.

सेक्रेटरी (ए-१०१): बाकीच्यांनी रविवारपर्यंत नावं, वय आणि कुठला स्टँड ते इथेच टाका. ज्यांना गुडघ्याचा किंवा बीपीचा त्रास आहे त्यांनी मला पर्सनलवर कळवा, जिन्याकडेच्या खुर्च्या त्यांना ठेवतो.