मजकूर बदलणारा प्रॉक्सी: 'फेरफारी' म्हणावं का?

प्रश्न: नेटवर्कवरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. वाचक आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून पानाचा मजकूरच बदलून पुढे धाडणाऱ्या प्रॉक्सीला काय म्हणावं? आणि 'ट्रान्स्परंट प्रॉक्सी'ला 'पारदर्शक' चालेल?

उत्तर: 'पारदर्शक' नको. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांनी पानांची देवाणघेवाण कशी करायची याचे नियम. त्याच्या १९९९ च्या प्रमाणकात (आरएफसी २६१६) 'ट्रान्स्परंट' म्हणजे मजकुराला हात न लावणारा प्रॉक्सी होता. नेटवर्क सांभाळणारे मात्र 'ट्रान्स्परंट' म्हणतात ते वापरणाऱ्याला न कळता वाटेत बसलेल्याला, आणि तो मजकूर खुशाल बदलू शकतो. मराठीत पारदर्शक म्हणजे लपवाछपवी नसलेला, म्हणजे अर्थ पार उलटा. त्याला 'छुपा प्रॉक्सी' लिहा. मजकूर बदलणारा तो 'फेरफारी प्रॉक्सी'.

दुसरं मत: फेरफार म्हटलं की हिशेबातली लबाडी आठवते. प्रिव्हॉक्सी नावाचा प्रॉक्सी पानातल्या जाहिराती गाळतो, पण तो वापरणाऱ्याने स्वतःच बसवलेला असतो. त्याला हा शब्द लावणं अन्याय आहे.

उत्तर: तलाठ्याकडचा फेरफार आठवा. वारस लावायचा असो की खरेदीखत, गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद होते, नोटीस निघते, हरकतीला मुदत मिळते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. शब्द वाईट नाही, वाईट आहे तो नोंदीवाचूनचा फेरफार. एचटीटीपीतही ही सोय आहे: मजकूर बदलला तर प्रॉक्सी उत्तरासोबत २०० ('सगळं ठीक') च्या जागी २०३ हा क्रमांक देऊन तसं कळवू शकतो. सर्व्हरही 'नो-ट्रान्सफॉर्म' लिहून आधीच मनाई करू शकतो.

न सांगता घुसडलेल्या मजकुराला मात्र वेगळा शब्द हवा. मागे मोबाइल डेटावर मी माझंच एक साधं एचटीटीपी पान उघडलं. सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, पाहिला तर शेवटी, बॉडी बंद होण्याच्या जरा वर, मी न लिहिलेली स्क्रिप्टची एक ओळ. घरच्या वायफायवर तेच पान स्वच्छ. एचटीटीपीएस, म्हणजे वाटेत कुणाला वाचता-बदलता येऊ नये म्हणून कुलूपबंद केलेलं एचटीटीपी, लावलं तेव्हा ती ओळ गेली. फार राग आला होता, कारण वाचणाऱ्याला ती ओळ माझीच वाटणार. अशा ओळीला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे: प्रक्षिप्त. पाठभेदांनी अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, तेव्हापासून मूळ कोणतं आणि मागाहून घातलेलं कोणतं, ही चिंता मराठीला आहे.

प्रश्न: 'प्रक्षिप्त स्क्रिप्ट' घेतलं. आता क्रियापद सांगा. प्रॉक्सी 'लावायचा' की 'बसवायचा'? 'लावणे' म्हटलं की मला कॉलेजातली हजेरीची प्रॉक्सी आठवते.

उत्तर: ब्राउझरच्या सेटिंगमध्ये लावतात, सर्व्हरवर बसवतात. आणि हजेरीची ती प्रॉक्सी, यंत्रातला तो प्रॉक्सी. लिंगावरूनच वेगळे कळतात.