संदर्भ देताना तुम्ही नेमकं काय करता? (अनुभव धागा)

संदर्भसूचीत स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे, हे शैलीपुस्तिकेत मिळतं. एपीए, एमएलए, शिकागो, व्हँकुव्हर, जी सांगितली असेल ती उघडायची आणि तसं लिहायचं. त्यापलीकडचं मात्र सहसा कुणी शिकवत नाही. टिपण काढताना काय काय उतरवून ठेवायचं, मूळ लेख हाती लागेना तर काय करायचं, अनुवादातून घेतलं तर नाव कुणाचं द्यायचं?

माझं मत ठाम आहे. संदर्भ देणं म्हणजे वाचकाला शब्द देणं: हे मी वाचलंय, या पानावर आहे, जाऊन बघा. तो पाळायचा तर लिहायला बसण्याच्या कितीतरी आधीपासून हाताला सवयी लागाव्या लागतात. त्या सवयींबद्दल लिहा. प्रबंध लिहिलेल्यांनी, तपासलेल्यांनी, ग्रंथालयात बसून इतरांना शोधून देणाऱ्यांनीही. सविस्तर लिहिलंत तर उत्तम.

वैद्यकीय संशोधन, अध्यापन

नव्या विद्यार्थ्यांना मी सर्वात आधी एक पत्र वाचायला देते. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेलं, पोर्टर आणि जिक यांचं. एकच परिच्छेद, पाच वाक्यं. रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या ११,८८२ रुग्णांना अफूवर्गातली औषधं दिली गेली, त्यांत आधी व्यसन नसलेल्यांपैकी चौघांनाच व्यसन लागल्याची खात्रीलायक नोंद आहे, एवढंच ते सांगतं. 'रुग्णालयात दाखल' हे शब्द मी मुलांना अधोरेखित करायला लावते.

मग त्याच नियतकालिकात २०१७ साली आलेली तपासणी वाचायची. तोवर त्या पत्राचा हवाला ६०८ ठिकाणी दिला गेला होता. त्यांतल्या ४३९ लेखांनी 'या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून ते पत्र वापरलं, आणि रुग्ण दाखल झालेले होते हे ४९१ लेखांनी सांगितलंच नाही. पत्रात खोटं काही नव्हतं. हवाला देणाऱ्यांनी अट गाळली, पुढच्यांनी त्यांच्यावरून उचललं, आणि घरी महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्या माणसांनाही तोच निष्कर्ष लागू झाला. हे वाचताना वर्ग शांत होतो.

म्हणून आमच्याकडे पद्धत अशी: कुठलाही आकडा टिपला की त्याच ओळीत कोणावर, कुठे, किती काळ हेही लिहायचं. मूळ लेख उघडल्याशिवाय तो सूचीत जात नाही. सारांश वाचला म्हणजे लेख वाचला असं आम्ही धरत नाही. शेवटी छपाईला देण्याआधी प्रत्येक लेख मागे घेतला गेलाय का तेही पाहायचं. लस आणि स्वमग्नतेचा संबंध जोडणारा १९९८चा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. आज कुणी त्याचा उल्लेख केला तर 'मागे घेतलेला' हे सोबत आलंच पाहिजे.

इतिहास, प्रबंध पूर्ण

टिपणवहीत मी तीन गोष्टी कधीच मिसळू देत नाही. जसंच्या तसं उतरवलेलं अवतरणचिन्हांत, सारांश साधा, माझं स्वतःचं चौकटी कंसात. पृष्ठक्रमांक आधी लिहितो, मग मजकूर. अवतरण एका पानावरून दुसऱ्यावर गेलं तर पान जिथे उलटतं तिथे तिरकी रेघ मारतो. वर्षभराने त्यातलं अर्धंच वाक्य वापरायचं ठरलं तरी ते कुठल्या पानावरचं, हे रेघ सांगते.

सारांश लिहिताना पुस्तक मिटतो. उघड्या पुस्तकावरून लिहिलं की शब्द बदलतात पण वाक्याची चाल तीच राहते, आणि असं वाक्य संदर्भ देऊनही उचललेलंच ठरतं. कल्पनेचं श्रेय संदर्भाने दिलं जातं, शब्दांचं अवतरणचिन्हांनी. दोन्ही घेतलं असेल तर दोन्ही द्यायला हवं.

कच्च्या खर्ड्यात 'तत्रैव' (म्हणजे 'वरच्याच ग्रंथात') अजिबात लिहू नका. मधे एक नवी तळटीप घुसली की ते भलत्याच ग्रंथाला जाऊन चिकटतं. शिकागोची १७वी आवृत्तीसुद्धा (२०१७) त्याऐवजी आडनाव आणि संक्षिप्त शीर्षक द्यावं असंच सुचवते.

ग्रंथपाल

माझ्याकडे येणारे निम्मे प्रश्न पुस्तकाच्या सालाचे असतात. शीर्षकपानाची मागची बाजू बघा. तिथे पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, पुनर्मुद्रण अशी यादी असते. पुनर्मुद्रणात पानं साधारण तीच राहतात, नव्या आवृत्तीत ती सरकतात. तेव्हा तुमच्या हातात जी आवृत्ती आहे तिचंच साल द्यायचं, प्रसिद्ध आवृत्तीचं नव्हे.

लेखाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, असेल तर साध्या दुव्यापेक्षा तोच द्या. तो '१०' आणि टिंबाने सुरू होतो. प्रकाशकाने संकेतस्थळ बदललं की नवा पत्ता त्या क्रमांकाशी जोडता येतो, तुमच्या सूचीत काही बदलावं लागत नाही. साध्या वेबपानाला ही सोय नाही. ते वाचलं त्याच दिवशी वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करून ठेवा आणि पाहिल्याची तारीख टिपा.

नियतकालिकाचं संपादन

लेख आला की मी आधी संदर्भसूची वाचते. यंत्राकडून लिहून घेतलेल्या सूचीत लेखक खरे, नियतकालिक खरं, शीर्षकही अगदी पटण्यासारखं, आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही, असं होतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे सादर केले, तेव्हा न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोठावला. मी डीओआय उघडून बघते, कारण कधीकधी तो खरा असतो पण दुसऱ्याच लेखाचा. डीओआय नसेल तर त्या खंडाची अनुक्रमणिका काढते: दिलेल्या पानांवर कुणाचा लेख आहे? शंका असेल तिथे लेखकाला विचारते, तुम्ही वापरलेला परिच्छेद पाठवा. ज्याने वाचलंय तो लगेच पाठवतो.

अभियांत्रिकी

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा, शैली एका क्लिकवर बदलते. पण त्याने आपोआप भरलेली माहिती डोळ्यांखालून घालाच. नाव आणि आडनावाची अदलाबदल, गायब झालेला अंक क्रमांक, हे नेहमीचं आहे.

एक प्रश्न

मूळ पुस्तक जर्मन, मी वाचला तो मराठी अनुवाद. त्यात लेखकाने तिसऱ्याच कुणाचं वाक्य दिलंय आणि मला तेच हवंय. कसं लिहू?

धागाकर्ता

आधी ते तिसरं पुस्तक मिळतंय का बघा, मिळालं तर प्रश्नच मिटला. नाहीच मिळालं तर मजकुरात त्या तिसऱ्या व्यक्तीचं नाव घ्या आणि कंसात 'यांच्या ग्रंथात उद्धृत' असं लिहून तुम्ही वाचलेल्या ग्रंथाच्या लेखकाचं नाव व पान द्या. एपीए पद्धतीत सूचीत फक्त वाचलेला ग्रंथ येतो. तिथे लेखक म्हणून मूळ जर्मन लेखक, सोबत अनुवादकाचं नाव. मजकुरातल्या कंसात दोन सालं, आधी मूळ ग्रंथाचं, मग अनुवादाचं. पृष्ठक्रमांक मराठी पुस्तकाचाच, कारण तुम्ही तेच उघडलंय. आणि ते वाक्य दोन भाषांतरांतून आलेलं असण्याची शक्यता आहे, तेव्हा त्यातल्या एकेका शब्दावर युक्तिवाद उभा करणार असाल तर जर्मन जाणणाऱ्या कुणाकडून तेवढं वाक्य मुळाशी ताडून घ्या.