ऑटोइम्यून हिपॅटायटिस आणि रात्रीची जळजळ : सल्ला हवा आहे

चांदणवेल :
आईला ऑटोइम्यून हिपॅटायटिस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर हल्ला करते. सिरॉसिसची (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होण्याची) सुरुवात झाली आहे, पण पोटात पाणी वगैरे नाही. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू आहे, शिवाय हाडांसाठी आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेट. हल्ली रात्री आडवी झाली की छातीत जळजळ होते, घशाशी आंबट पाणी येतं. झोपच होत नाही तिची. लिव्हरच्या डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर काय करावं? कोणी चूर्ण सुचवतंय, कोणी सोडा. लिव्हरला काय चालेल ते कळत नाही.

पाणकळा :
मलाही हाच आजार आहे. आधी चूर्णाचं सांगते : नको. गुळवेल, अश्वगंधा, ग्रीन टीचा अर्क, हळदीच्या कॅप्सूल या सगळ्यांमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीने तर ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखंच चित्र उभं राहिल्याचं दिसलं आहे. सोड्यात सोडियम असतं, आणि सिरॉसिसमध्ये शरीर ते धरून ठेवतं.

मला खरी शंका अ‍ॅलेंड्रोनेटची येते. ती गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम करते. म्हणून ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर निदान 30 मिनिटं आडवं व्हायचं नाही. जळजळ आधीच असेल तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा. हाडांसाठी शिरेतून देण्याचं औषधही असतं.

प्रेडनिसोलोन सकाळी, खाऊन झाल्यावर द्या. अझाथायोप्रिनने मळमळ होत असेल तर तेही जेवणानंतर. पण जळजळ होते म्हणून स्टेरॉइड आपल्या मनाने बंद करू नका, कृपा करून. आजार उसळतोच, शिवाय शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, लगेच तयार होत नाही.

दवबिंदू :
एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ॲसिडिटीवाल्यांना सगळीकडे एकच सल्ला मिळतो : झोपण्याआधी तीन तास काही खाऊ नका. सिरॉसिसमध्ये मात्र रात्रीचा लांब उपास वाईट. लिव्हरमधला साखरेचा साठा लवकर संपतो आणि शरीर स्नायू तोडायला लागतं, म्हणून झोपण्यापूर्वी थोडं खायला सांगतात. दोन्ही सल्ले एकाच माणसाला मिळाले की घरचे गोंधळतात.

आमच्या घरी असा मेळ घातला : मुख्य जेवण लवकर, नंतर तेल-मसाला नसलेलं अगदी थोडं खाणं, आणि त्यानंतर तासभर तरी बसून राहायचं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचलली. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्यानेही बरं वाटतं. आईंना किती आणि काय चालेल, हे आहारतज्ज्ञांना जरूर विचारा.

चांदणवेल :
खूप आभार दोघांचे. मेडिकलमधून पॅन्टोप्राझोल (ॲसिड कमी करणारी गोळी) आणून सुरू केलं तर?

पाणकळा :
विचारल्याशिवाय नको. त्या गटातल्या गोळ्या गरज असेल तेव्हा देतातच, आणि योग्य माणसाला त्यांचा फार उपयोग होतो. पण सिरॉसिसमध्ये औषध शरीरात जास्त वेळ राहतं, म्हणून बऱ्याचदा डोस कमी ठेवतात. दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये पोटातल्या पाण्याचा जंतुसंसर्ग आणि हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी (लिव्हर नीट काम करत नसल्याने मेंदूवर होणारा परिणाम, गोंधळलेपणा) जास्त आढळते, हाडांचीही काळजी असतेच. तेव्हा कोणती गोळी, किती डोस आणि किती आठवडे, हे तिन्ही विचारून घ्या. आणि तिला गिळताना दुखतं का? स्टेरॉइडवर असताना अन्ननलिकेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, त्याचा इलाज वेगळा आहे.

चांदणवेल :
आत्ताच विचारलं. हो म्हणाली, घास उतरताना दुखतं. पाणी पितानाही.

पाणकळा :
मग पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, उद्या सकाळीच फोन करा आणि हेच वाक्य सांगा. अ‍ॅलेंड्रोनेट तोवर देऊ नका. बहुधा एंडोस्कोपी सांगतील. त्यात अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिराही पाहून होतील, सिरॉसिसमध्ये ते बऱ्याचदा पाहावं लागतं. मधल्या काळात रक्ताची उलटी झाली, शौच डांबरासारखी काळी झाली किंवा वरच्या पोटातून पाठीत जाणारी जोराची कळ आली, तर फोनही नको, थेट इमर्जन्सीत न्या.